आठ शतांश

पहिल्यांदा नळ्यांनी सांगितलं.
आड्याहून आंजर्ल्याकडे उतरताना, सकाळी सव्वाआठला,
बर्फाच्या डब्यातलं केळशीचं रक्त
रॅकमध्ये एका लयीत किणकिणायला लागलं.
मग पायाला कळलं: पेडल ढकलतंय, सोडतंय, ढकलतंय,
मांडीवर बसायच्या आधी मांजर पंजे रोवतं तसं.

रत्नागिरीच्या शोरूमने फोनवरच निदान केलं.
चारही डिस्क, सगळे पॅड, सोमवारी आणून सोडा.
मी सतरा वर्षं लॅबमध्ये आहे.
न तपासता औषध लिहिणाऱ्यांचं अक्षर
मला लांबून ओळखू येतं.

हर्णैला जब्बार होडेकर ट्रॉलरची इंजिनं उघडतो.
विजेची गाडी त्याने आधी वास घेऊन पाहिली.
"तेलाचा वास नाही हिला. पण चाक ते चाकच."
शेजारी बसला. आसूदच्या उतारावर म्हणाला, पाय काढा.
गाडी आपसूक मंदावली, मोटर वीज परत पीत,
गुळगुळीत.
"हे मोटरचं थांबणं. यात डिस्क झोपलेली.
आता न्यूट्रल. आता दाबा."
दड दड दड.
"हात काय म्हणतात?"
स्टिअरिंगवर हात गप्प होते.
"आणि बूड?" मग जरा लाजून, "म्हणजे, सीट?"
सीट थरथरत होती.
"मग मागचं चाक."

जेटीलगतच्या पत्र्याखाली गाडी जॅकवर चढली.
बाजूला सुकणारे बोंबील आणि त्याचा पुतण्या रिझवान,
ज्याला गाडीपेक्षा माझ्या डब्यात जास्त रस.
चाक उतरलं. डिस्कच्या कडेला गंज,
हळदीला चुना लागावा तसा तांबडा,
आणि मधल्या पट्ट्यावर
पॅडच्या आकाराचा एक काळा ठसा.
"उभी कधी होती?"
भाद्रपदात. मला कावीळ. बावीस दिवस.
समोर खाडी, खारा वारा,
आत मी स्वतःचंच बिलिरुबिन वहीत लिहीत होते, अकरा पूर्णांक चार,
आणि बाहेर पॅड त्याच जागी टेकून.
"एरवी ब्रेक मारता?"
कशाला? पाय उचलला की थांबते.
मला त्याचा अभिमानच होता.

त्याने डायल गेज लावला, डिस्क बोटाने फिरवली.
काटा चालला, अडखळला, परत आला.
आठ शतांश मिलिमीटर.
"एक केस," तो म्हणाला.
केस मोजलाय कधी?
"मोजलाय. माझाच. काळा होता तेव्हा."
तिथे मी खुर्ची ओढून निवांत बसले.

डिस्क ठोकून काढली तर मागे हबवर
गंजाची पापडी, नखाएवढी.
तेवढीच डिस्कला वाकडं बसवत होती.
तारेचा ब्रश. अडकलेल्या पिनांना ग्रीस.
ज्या लेथवर ट्रॉलरचे शाफ्ट चढतात
तिथे डिस्कची पातळ साल निघाली, ठसा तिच्याबरोबर गेला.
परत काटा: दोन शतांश.
नट समोरासमोर आवळले, पान्याचं टक ऐकू येईपर्यंत;
रिझवानने प्रत्येक टकला मान डोलावली.

मग कर्द्याच्या रस्त्यावर साठवरून दहा, दहा वेळा.
"पण उभी करायची नाही. तापलेली उभी केलीत
की परत ठसा."
म्हैस आडवी आली.
आम्ही दहाच्या वेगाने तिच्याभोवतून गेलो, माफी मागत.

आठशे रुपये आणि लेथचे वेगळे. रोज एकदा
न्यूट्रलला टाकून खरा ब्रेक मारा, म्हणाला.
हात पुसता पुसता खालच्या आवाजात:
"माझी साखर बघाल?"
शेवटची कधी पाहिलीत?
"रिझवान शाळेत जायला लागला तेव्हा."
रिझवान आता ट्रॉलरवर जातो.
चहा झालाय? झाला होता. दोनदा.
मग उद्या, उपाशी. न मोजता मी काही बोलत नाही.

सकाळी साडेसहाला, पुलाजवळ, न्यूट्रल टाकून
एकदा खराखुरा ब्रेक मारला.
रिकाम्या नळ्या हलल्याही नाहीत.
तो ओट्यावर बाही वर करून तयार,
तोंड समुद्राकडे फिरवलेलं.
सुई बघवत नाही म्हणे.